घेणं बंद केलं त्याची गोष्ट

आमची भिशी नाशिकच्या इंदिरानगरची. बहुतेक जणी पन्नाशीच्या आसपास. कुणाचा नवरा सातपूरला कंपनीत, कुणी शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेली. मोर्चे-आंदोलनं आमच्यापैकी कुणी केलेली नाहीत. पण गेल्या काही वर्षांत आम्ही ठरवून काही वस्तू घेणं बंद केलं. त्यातलं काही टिकलं, बरंच टिकलं नाही. आता दुसऱ्या सोसायटीतल्या बायका विचारतात, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात २०२० च्या जूनमध्ये झाली. कोरोनामुळे भिशी फोनवरच चालू होती. बातमी आली की 'फेअर अँड लव्हली' आपल्या नावातला 'फेअर' काढणार. जुलैत नवं नाव आलं, 'ग्लो अँड लव्हली'. १९७५ पासून बाजारात असलेली ट्यूब. बँकवाल्या मैत्रिणीने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "पाटी बदलली, दुकान तेच." मग प्रत्येकीचं काहीतरी निघालं. मी बारावीपासून लग्न ठरेपर्यंत ती लावायचे. रंग होता तोच राहिला. एकीला जुनी जाहिरात आठवली. मुलगा असता तर बरं झालं असतं, असं म्हणणारे वडील, ते ऐकणारी सावळी मुलगी, मग क्रीम, मग तिला हवाईसुंदरीची नोकरी. त्या जाहिरातीविरुद्ध जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या होत्या, २००३ मध्ये ती बंद झाली. आम्ही तेव्हा ती टीव्हीवर पाहत होतो आणि कुणाला काही खटकलं नव्हतं.

ठरलं की गोरं करणारं कुठलंही क्रीम घरात आणायचं नाही.

किराणावाल्याला मी यादी देताना सांगितलं, ही ट्यूब नको. तो म्हणाला, "वहिनी, मग ही घ्या, हीपण चालते." घरी आणून मागची बारीक अक्षरं वाचली. कंपनी तीच, हिंदुस्थान युनिलिव्हर. मग चष्मा लावून सगळं घर उलटंपालटं केलं. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, पेट्रोलियम जेली, जॅम. सकाळचा चहासुद्धा. शिवाय 'डव्ह'. २००४ पासून खऱ्या सौंदर्याच्या जाहिराती करणारा साबण आणि गोरं करणारं क्रीम, दोन्ही एकाच घरचे. हे कळल्यावर मला राग आला नाही, हसू आलं.

काही जणींनी अख्खी कंपनीच सोडायचं ठरवलं. मीही त्यात होते. बचत गटाच्या प्रदर्शनातून साबण आणला, तो साबणदाणीत विरघळून गेला. मेन रोडवरून सुटा चहा आणला. नवऱ्याने पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही, नंतर तो चौकातल्या टपरीवर चहा प्यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भांडण क्रीमशी आहे ना? मग चहाने काय केलंय?" मला त्याला उत्तर देता आलं नाही. महिनाअखेरीस खर्चही वाढलेला दिसला. हळूहळू सगळ्या जणी एका जागी आल्या. कंपनी नाही सोडायची, ती वस्तू सोडायची. तेवढं मात्र पाच वर्षं टिकलं.

इथे एक गोष्ट सांगते. दुसऱ्याच्या घरात शिरू नये. आमच्यातली एक उत्साहाच्या भरात पार्लरवालीला ब्लीच बंद कर म्हणून सांगायला गेली. ती म्हणाली, "काकू, गाळ्याचं भाडं तुम्ही भरणार का?" पार्लरवालीचं चुकलं असं मला वाटत नाही.

जून २०२२ मध्ये 'लेअर शॉट' नावाच्या अत्तराच्या जाहिराती आल्या. दुकानात एक मुलगी, मागे चार मुलगे, आणि बाटलीबद्दल बोलल्यासारखं करून भलतंच सुचवणारं बोलणं. सामूहिक बलात्काराची थट्टाच ती. आमच्या घरांत ते अत्तर कुणी वापरतच नव्हतं, त्यामुळे बंद काय करणार? तेव्हा मैत्रिणीच्या मुलीने तक्रारीची वाट दाखवली. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी मुंबईची ॲस्की ही संस्था आहे. १९८५ पासून आहे, आम्ही नाव ऐकलं नव्हतं. तिच्याकडे कुणीही फुकट तक्रार करू शकतं, व्हॉट्सॲपवरसुद्धा. जाहिरातीची लिंक किंवा फोटो, कुठे आणि कधी दिसली, आणि काय आक्षेप आहे ते दोन ओळींत. आम्ही ते लिहीत बसलो तोवर माहिती-प्रसारण मंत्रालयाने ती जाहिरात ट्विटर आणि यूट्यूबवरून काढायला सांगितली. आमच्यामुळे काही झालं नाही. पण वाट कळली. सावळ्या माणसाला दुःखी, कमी दर्जाचं किंवा लग्नाच्या बाजारात मागे पडलेलं दाखवायचं नाही, असा नियम याच संस्थेने २०१४ मध्ये केलेला आहे, हेही तेव्हा कळलं. आता क्रीमची तशी जाहिरात दिसली की आम्ही तो नियम लिहून पाठवतो. याला फार वेळ लागत नाही, आणि निदान कुणीतरी ते वाचतं.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड झालं ते साखरेपासून.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांवर मोठी बातमी आली. कोका-कोला आणि पेप्सीसाठी जी साखर जाते तिच्यामागे बालविवाह, कर्ज आणि गर्भाशय काढलेल्या बायका आहेत, असं त्यात होतं. मराठी पेपरांत त्यातलं बरंच आधीच येऊन गेलेलं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली होती. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. तेव्हा मी वाचलं, हळहळले आणि पान उलटलं. अमेरिकेतल्या पेपरात थंड पेयांची नावं आली तेव्हा भिशीत विषय निघाला.

उन्हाळा तोंडावर होता. कोल्ड्रिंक बंद, असं एकमताने ठरलं. पुढच्या भिशीला यजमानीणबाईंनी कोकम सरबत केलं. पहिला घोट घेतला आणि एकीने विचारलं, "यात साखर कुठली?" कुणी बोलेना. गुळाचं करू म्हटलं, तर गूळही उसाचाच. यजमानीणबाईंचा नवरा आतून म्हणाला, "रसवंतीत जाऊन या." तो चेष्टा करत होता, पण मुद्दा बरोबर होता. बाटलीवर निदान नाव असतं. किराणावाल्याच्या पोत्यातल्या साखरेवर आम्ही कुणाचं नाव शोधणार?

एका कोल्ड्रिंक कंपनीच्या ग्राहक कक्षाला आम्ही इंग्रजीत पत्र लिहिलं. तुमची साखर कुठल्या कारखान्यांतून येते आणि तिथल्या तोडणीच्या बायकांना काय सोयी आहेत, एवढेच प्रश्न. उत्तर आलं, आभार मानणारं. कारखान्याचं नाव त्यात नव्हतं.

आमच्यातल्या एकीचं माहेर निफाड तालुक्यात. भाऊ ऊस लावतो. हंगामात ती म्हणाली, तोडणीची टोळी आली आहे, चला. मला खरं तर जायचं नव्हतं. गाडीतून उतरून चौकशा करणाऱ्या बायका कशा दिसतात ते मला माहीत आहे. गेलो तरी.

रस्त्याकडेला कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या, बीडकडच्या कुटुंबांच्या. बायका पहाटे फडात जातात, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरतात, मग परत येऊन चूल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते, मुकादमाकडून, आणि ती बहुतेक नवऱ्याच्याच हातात जाते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये, आणि त्यातून उचल फिटायची.

पाळीत काय करता, असं मैत्रिणीने विचारलं. एक बाई म्हणाली, "काय करायचं? जायचं." अंगावरून जातं, पोट दुखतं, हंगामात दवाखान्याला वेळ नाही. गावी गेल्यावर खाजगी डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पिशवी काढली की खाडा वाचेल, असं घरच्यांनाही वाटतं. तिची काढलेली होती. ती माझ्या मोठ्या मुलीच्या वयाची असेल.

आम्ही कोल्ड्रिंक सोडल्याचं मैत्रिणीने सांगितलं. मला तेव्हा तिथून निघून जावंसं वाटलं. त्या बाईला आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाली, "साखर खपली न्हाई तर आमी काय तोडावं?" मग सरळ कामाचं बोलली. आंघोळीला आडोसा नव्हता, त्या अंधार पडल्यावर आंघोळ करत. पाणी लांबून आणावं लागे.

मैत्रिणीच्या भावाला विचारलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "तोडणी कारखाना लावतो, माझा काय संबंध?" कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी. या साखळीत मालक कोण, हे विचारलं की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. नाशकात बसून बाटली न घेतल्याने ती साखळी हलत नाही, हे तिथे उभं राहून समजलं. भावाकडे मात्र विहीर होती, पाइप होता. बहिणीने दोन दिवस अबोला धरल्यावर त्याने कोप्यांपर्यंत पाणी आणून टाकी बसवली. भिशीच्या पैशांतून बांबू, ताडपत्री आणि फरशा घेतल्या, दोन आडोसे झाले. खर्च एका घराच्या महिन्याच्या किराण्याहून कमी आला. ओळखीच्या बाई डॉक्टर एका रविवारी आल्या. बऱ्याच जणींना जंतुसंसर्ग होता, गोळ्यांनी बरा होणारा.

कोल्ड्रिंक आम्ही अजून घेत नाही. त्याने काही होतं असा आमचा दावा नाही, पण मुलांनी का नाही म्हणून विचारलं की सांगायला निमित्त मिळतं. साखर येते. चहाही त्या क्रीमवाल्या कंपनीचाच आहे.

कुणाला असंच काही करायचं असेल तर हंगाम सुरू होण्याआधी करा. टाकीचं आणि आडोशाचं शेतकऱ्याशी दसऱ्याच्या सुमारास बोललं तर तो ऐकतो. एकदा गाड्या भरायला लागल्या की त्याला फक्त तोडणीची घाई असते. ऊसतोड कामगारांसाठी राज्य सरकारचं ओळखपत्र आहे, पण ते त्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीकडून निघतं. आम्ही इथे त्यासाठी चकरा मारल्या आणि हात हलवत परत आलो. कोपीवरच्या त्या बाईचा नंबर माझ्याकडे आहे. दिवाळीच्या आधी, ती गाव सोडण्यापूर्वी, फोन करून ओळखपत्राची आठवण करून द्यायची आहे.