पर्यायांचा क्रम जपताना

कमांड लाइनवरचे पर्याय कसेही मागेपुढे लिहिले तरी चालते, असे आपण धरून चालतो. फाइल कॉपी करणारे आरसिंक नेमके हेच गृहीत मोडून काढते. फाइलचे नाव ज्या नियमाशी पहिल्यांदा जुळते, तोच नियम तिला लागू होतो. म्हणून आधी ‘टेक्स्ट फाइल घे’ आणि मग ‘बाकी सगळे वगळ’ असे लिहिले, तर मूळ फोल्डरातल्या टेक्स्ट फाइल पोचतात. हेच उलटे लिहिले की काहीच पोचत नाही. इथे क्रम हा अर्थाचाच भाग आहे आणि तो जपणे हे पर्याय वाचणाऱ्या पार्सरचे कर्तव्य आहे, असे मला ठामपणे वाटते. पायथनच्या आर्गपार्स या पार्सरमध्ये ‘अपेंड’ ही ॲक्शन वापरली, की एरवी प्रत्येक पर्यायाची वेगळी यादी होते. यादीतला क्रम टिकतो, पण ‘घे’ आणि ‘वगळ’ यांच्यातला परस्परक्रम नाहीसा होतो, तोही कसलीच सूचना न देता. उपाय अवघड नाही: दोन्ही पर्यायांना एकच यादी द्यावी आणि स्वतः लिहिलेल्या ॲक्शनमधून पर्यायाचे नाव व मूल्य अशी जोडी तिच्यात टाकावी. सी भाषेतले जुने गेटऑप्ट तर पर्याय एकेक करून, आले त्याच क्रमाने हाती देते.

असे नाजूक नियम कमांड लाइनऐवजी फाइलमध्ये लिहावेत, असा आक्षेप घेतला जातो. लांबलचक नियमांसाठी तो मला मान्य आहे. पण फाइलमध्ये गेल्याने क्रम सुटत नाही. गिटच्या इग्नोर फाइलमध्येही क्रम लागतोच, फक्त तिथे शेवटचा जुळणारा नियम जिंकतो. आरसिंकच्या नेमके उलट! त्यामुळे पहिला जिंकतो की शेवटचा, हे मदतीच्या मजकुरात अगदी वरच लिहिलेले असावे.