माँत्रोची हकिगत

चि. ओंकार,


तुझ्या सरांनी क्लासात 'स्मोक ऑन द वॉटर'वर बंदी घातली, हे वाचून हसू आलं. त्यांचंही बरोबर आहे. गिटार हातात घेणारा जो तो आधी तीच सुरावट काढतो. शिकवणाऱ्याचे कान किटणारच. पण तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ती एकाच तारेवर आहे. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती दोन तारांवर वाजवतो. दोन सुरांत षड्ज-मध्यमाचं अंतर, आणि पिक बाजूला ठेवून बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचायच्या. तिचा ठसका त्या 'एकदम'मध्येच आहे. शिवाय तो भरदार, खरखरीत आवाज एकट्या गिटारचा नाही. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल अँप्लिफायरमधून येऊन त्यात मिसळलेला आहे.

आता या गाण्याची हकिगत. डिसेंबर १९७१. डीप पर्पल ही इंग्लिश मंडळी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी माँत्रोला अल्बम करायला आली होती. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रांनी भरलेला ट्रक, भाड्यानं घेतलेला. तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग व्हायचं होतं. त्याआधी ४ तारखेला फ्रँक झप्पाचा कार्यक्रम होता. कोणा प्रेक्षकानं छताकडे फ्लेअर गन झाडली, छत पेटलं आणि कॅसिनो जळून गेला. जीवितहानी झाली नाही, याचं मोठं श्रेय क्लोद नोब्सला. माँत्रोचा जॅझ महोत्सव चालवणारा हा माणूस स्वतः आत शिरून मुलांना बाहेर काढत होता. (झप्पाची साडेसाती संपली नव्हती. आठवड्याभरातच लंडनमध्ये एकानं त्याला स्टेजवरून खाली ढकललं, तो कित्येक महिने चाकांच्या खुर्चीत.)

नोब्सनंच मग डीप पर्पलला पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री एका सुरावटीचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि आवाजानं हैराण झालेल्या शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले. पोलिस दार ठोठावतायत, आतून बँडच्या माणसांनी दार दाबून धरलंय, आणि टेक पूर्ण होतोय! तीच ही सुरावट. तिथून हकालपट्टी झाल्यावर हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. गारठलेल्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून आवाज अडवायचा. ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, गॅलऱ्या पार कराव्या लागत, त्यामुळे आपण काय वाजवलं ते ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं.

अल्बम काही मिनिटं कमी पडला, तेव्हा ती बाजूला पडलेली सुरावट आठवली. बासवाला रॉजर ग्लोव्हर एकदा झोपेतून उठताना गाण्याचं नाव पुटपुटला होता. नशापाण्याचं गाणं वाटेल, अशी धास्तीही त्यांना होती. शब्दांत त्यांनी घडलं ते सांगितलं: आग, नोब्स, थंड हॉटेल, बाहेरचा ट्रक. मला हे गाणं आवडतं ते यासाठी. हार्ड रॉक म्हटलं की गाणारे राक्षस, तलवारी, अंतराळ काढून बसतात. इथे इयान गिलन 'जागा मिळेना, काम खोळंबलं' एवढीच तक्रार पोटतिडकीनं गातो. उपमा नाही, उपदेश नाही.

'मशीन हेड' अल्बम १९७२ च्या मार्चमध्ये आला. बँडची भिस्त 'नेव्हर बिफोर'वर होती. ते आज कितीजण ऐकतात? 'स्मोक ऑन द वॉटर' सिंगल म्हणून अमेरिकेत गाजलं ते १९७३ मध्ये, बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर मदतनिधीसाठी अनेक बँडच्या गायक-वादकांनी ते पुन्हा रेकॉर्ड केलं. हजारो माणसं गाडली गेलेल्या आपत्तीसाठी, जिथे कोणीच दगावलं नाही अशा आगीचं गाणं! मला ते विजोड वाटत आलंय. पण पैसे जमले, आणि गिलन पुढेही तिथे मदत करत राहिला, तेव्हा माझा आक्षेप राहू दे.

१९९५ साली डीप पर्पलची मंडळी मुंबईत वाजवून गेली. तेव्हा ब्लॅकमोर बँडमध्ये नव्हता, गिटार स्टीव्ह मोर्सकडे होती. मुंबईशी आणखी एक धागा आहे: त्यांच्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून घेतलेली आहे. दोन्ही लागोपाठ ऐक आणि उसनवारी कुठपर्यंत आहे ते मला कळव.

तुझा,
मामा