कोणता कोर्स लावू?

सुट्टीत परभणीला आलो की हा प्रश्न ठरलेलाच. विचारणारा सेलू, मानवत, नाहीतर जिंतूरकडचा. बारावी झालेली असते किंवा बीएस्सी अर्ध्यावर. सोबत मामा असतात आणि त्यांना उत्तरात एकच शब्द हवा असतो. पूर्वी तो शब्द एमएस-सीआयटी होता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाने २००१ नंतर खेड्यापाड्यांतल्या पोरांचा हात माऊसवर आणला, हे मोठंच काम. पण प्रमाणपत्र मिळालं की नोकरी मिळाली, हा समज तेव्हा रुजला तो काही जात नाही. आता फक्त शब्द बदललाय : डेटा सायन्स, एआय.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्या एका शब्दाऐवजी मी उलट विचारतो, सध्या काय करतोस?

मागच्या खेपेला एकजण खाली बघत म्हणाला, “काही नाही दादा, आपले सरकार केंद्रावर बसायलोय. फॉर्म भरायला.”

काही नाही कसं? २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हाच्या रांगा त्याने काचेच्या आतल्या बाजूने पाहिलेल्या. साइट चालत नाही हे दुखणं सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्याचं दुखणं निराळं होतं : नावं. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरं. ज्ञानोबाचं इंग्रजी स्पेलिंग कुणी ‘डी’पासून करतं, कुणी ‘जी’पासून. माणूस समोर उभा असतो, पण कागदांच्या हिशेबी ते तिघे जण.

आमच्या कंपन्यांत याच कामाला डेटा क्लीनिंग म्हणतात आणि त्याचा पगार देतात.

मग मामांना चहाला पाठवून आम्ही लॅपटॉप उघडला. ‘ज्ञ’ आपल्याला एक अक्षर दिसतं. पायथनला लांबी विचारली तर तीन म्हणतो, कारण युनिकोडमध्ये तो ज, हलन्त आणि ञ असा साठवलेला असतो. ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ डोळ्यांना सारखेच, पण पहिल्यातला ॲ हे २००८ साली युनिकोडात आलेलं स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात ‘अ’वर वेगळा चंद्र. यंत्र दोन्हींना सारखं मानत नाही. वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ युनिकोडच्या क्रमात ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये बसतो, म्हणून साधी क्रमवारी लावली तरी मराठी यादी विस्कटते. असल्या गोष्टी क्लासात क्वचितच शिकवतात. केंद्रावरच्या पोराला त्या आधीच टोचलेल्या असतात, फक्त कारण माहीत नसतं.

त्याला काम दिलं : शंभरेक नावांची यादी कर, त्यातली एकाच माणसाची नावं शोधणारा प्रोग्राम लिही. नावं मनाने रचायची. लोकांचे कागद घरी न्यायचे नाहीत, आधार क्रमांक तर नाहीच. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतून आहेत, एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. मोबाइलवर ऐकणं होतं, लिहिणं होत नाही. त्यासाठी केंद्रातला संगणक संध्याकाळी मालकाकडे मागायचा. एरर इंग्रजीत येईल, तो पुसायचा नाही, शेवटची ओळ आधी वाचायची. इंग्रजी लागतंच, हे मी लपवत नाही.

“पण पुण्यातला क्लास?” मामा परत आले होते. शंभर टक्के प्लेसमेंटची पाटी असेल तर मागच्या वर्षीच्या दोन मुलांशी बोलू द्या म्हणावं. टाळाटाळ केली तर रात्रीच्या गाडीने परत यावं. फी म्हणून गेलेला सोयाबीनचा पैसा परत येत नाही. आणि तंत्रज्ञान म्हणजे हिंजवडीच, असंही नाही. परभणीच्याच कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोन आणि रोबोटवर प्रकल्प झालाय, तो एकदा बघून या म्हटलं. मामांना हे फारसं पटलं नाही.

महिन्याभराने पोराचा कोड आला. त्यात गावातले सगळे शिंदे एकच शेतकरी ठरले होते. मी लिहिलं, बापाचं नावही जुळवून बघ.

उत्तर आलं, “दोन भावांचा बाप एकच असतो की, दादा.”

मग गट नंबर धर, म्हटलं.

“तोबी सामाईक असतो.”


आता काय धरायचं, ते त्यानेच शोधायला घेतलंय.