अण्णांची लवंगी, माझी भूत जोलोकिया

शनिवारी रात्री अकरा वाजता मी भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या मिरचीचं बी ऑर्डर केलं. दहा बियांचं पाकीट, ईशान्येकडची भूत जोलोकिया. २००७ मध्ये ‘गिनीज’ने जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून तिची नोंद केली होती, दहा लाखांहून जास्त स्कोव्हिल युनिट्स! आता तिच्याहून जहाल मिरच्या आल्यात. पण म्हटलं, सुरुवात तरी दणक्यात करू.

खरं कारण वेगळंच होतं. अण्णा. बार्शीजवळची दोन एकर विकून ते माझ्याकडे वाकडच्या फ्लॅटवर आले, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यातले काही लाख याच फ्लॅटच्या डाउन पेमेंटमध्ये गेले. तेव्हापासून माणूस गप्प. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत. मी डेडलाइनच्या मागे आणि अपराधीपणा माझ्या मागे. ‘अण्णा, बाल्कनीत काही लावूया का?’ असं थेट विचारायची हिंमत नव्हती. म्हणून ही मिरची.

जानेवारीत ट्रेमध्ये बी पेरलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. पंधरा दिवस झाले तरी ढिम्म. अण्णा येता-जाता बघायचे, बोलायचे नाहीत. विसाव्या दिवशी मी ट्रे उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले, तेव्हा मागून आवाज आला, ‘‘ठेव ते खाली. बी गारठलंय तुझं.’’

मिरचीच्या बियांना पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. साधी मिरची आठ-दहा दिवसांत उगवते, जोलोकिया महिनाही घेते. आणि माझा ट्रे थंडीत, सावलीतल्या खिडकीत, वर रोजच्या पाण्याने चिखल.

अण्णा आत गेले आणि कपाटातल्या बॅगेतून एक डबी घेऊन आले. राखेत घोळलेल्या बिया. आमच्या शेतातली लवंगी, शेवटच्या तोड्याची. वर्षभर ती डबी माझ्या घरात होती आणि मला पत्ताच नव्हता!

‘‘मटकीला मोड आणतीस ना? तसंच.’’

ओल्या फडक्यात दोन पुरचुंड्या बांधल्या. एकीत लवंगी, दुसरीत ट्रेमधून वेचून काढलेली जोलोकिया. त्या वायफायच्या कोमट राउटरवर ठेवायची आयडिया मात्र माझी. आठव्या दिवशी लवंगीला पांढरे मोड आले. जोलोकियाच्या तीनच बिया जाग्या झाल्या, त्याही फार उशिरा.

मग माझा उत्साह नडला. एका सकाळी लवंगीची निम्मी रोपं मातीलगत मऊ पडून आडवी झालेली. मर रोग. जास्तीच्या ओलाव्याने होतो. अण्णा खाली बसून एकेक रोप बघत होते. ‘‘पाणी लई घालतीस तू.’’ पाच उरली होती. डबी रिकामी होती. मला रडूच फुटलं आणि नको ते तोंडातून गेलं, ‘‘अण्णा, शेत माझ्यामुळे गेलं ना?’’

ते मातीच चाचपत राहिले. मग म्हणाले, ‘‘बोअर आटली तवाच गेलं ते. तुझं आपलं निमित्त.’’

हे खरं होतं की माझ्यासाठी होतं, मला अजून कळलेलं नाही.

पाचही रोपं जगली. सहा पानांवर आली तेव्हा कुंड्यांत गेली. मेच्या उन्हात फुलं गळाली, तेव्हा अण्णांनी जुन्या ओढणीची सावली बांधली. जूनमध्ये पहिल्या मिरच्या लागल्या. ठेचा करताना हात असे भाजले की विचारू नका. तिखटपणा मुख्यतः बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असतो, हे ज्ञान तेव्हा झालं. पाण्याने तो जात नाही, आधी तेल चोळावं लागतं, हेही.

जोलोकियाला सप्टेंबरमध्ये दोन मिरच्या लागल्या. अण्णांनी तिची कुंडी केव्हाच दुसऱ्या खिडकीत हलवली होती. शेजारी ठेवली तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, मग बी शुद्ध राहत नाही. लवंगीच्या एका फांदीवर त्यांनी कळ्या असतानाच मलमलची पिशवी बांधली होती. त्यातल्या मिरच्या लाल होऊन सुरकुतेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद.

गेल्या रविवारी ते बी सुकवून, राखेत घोळून डबीत भरलं. अण्णांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली :

‘लवंगी. वाकड.’