गुन्हा कुणाचा, कॉम्प्युटर कुणाचा!

पोलीस घरी येतात ते चोरी झाल्यावर, आपण बोलावल्यावर, अशी आपली मध्यमवर्गीय समजूत. न बोलावता ते आले आणि चोरीला गेल्यासारखंच सामान घेऊन गेले, तर काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

आमच्याकडे ते जुलै २०२४ मध्ये आले. ठाण्याचं नाव सांगत नाही. आलेल्यांपैकी निम्मे तरी सज्जनपणे वागले होते. ऑनलाइन विक्रीच्या नावाखाली कुणाला तरी लुबाडलं गेलं होतं आणि तो व्यवहार आमच्या इंटरनेट जोडणीवरून झाल्याचं कंपनीच्या नोंदीत दिसत होतं. वरच्या खोलीत एक पेइंग गेस्ट मुलगा राहत होता. भाड्यातच इंटरनेट धरलेलं होतं. दोन दिवसांपूर्वीच तो खोली सोडून गेला होता. आम्ही हे सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं. मग कॅबिनेट, मॉनिटर, राऊटर, लेकीचा लॅपटॉप, एक जुनी हार्ड डिस्क, दोन पेन ड्राइव्ह आणि चक्क माऊससुद्धा बांधून घेतला. माऊसमधून कोणता पुरावा निघणार होता, देव जाणे!

पंच म्हणून कोपऱ्यावरचे किराणावाले आणि शेजारचे निवृत्त मास्तर उभे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते एका शिपायाने मोबाइलवर केलं. सासूबाई मध्येच येऊन विचारत्या झाल्या, "अगं, आपण काय चोरलंय?" तेही त्यात आलं असेल.

इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक मिळतो आणि तो कोणत्या मिनिटाला कुणाकडे होता, हे कंपनी सांगू शकते. पण तो क्रमांक पोलिसांना दारापर्यंत आणतो. कीबोर्डवर बोटं कुणाची होती, हे सांगत नाही. शिवाय नोंदच चुकली तर? २००७ मध्ये ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला पकडलं. पत्ता कंपनीने चुकीचा दिला होता. हे उघड होईपर्यंत त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले. आमचा तर नुसता कॉम्प्युटर गेला होता.

नुसता म्हणायचं खरं. हे करसल्लागार. विवरणपत्रांची शेवटची तारीख ३१ जुलै आणि साठेक अशिलांचं काम बाकी. उशीर झाला तर पाच लाखांवर उत्पन्न असणाऱ्याला पाच हजारांचा भुर्दंड. ह्यांनी भाड्याने कॉम्प्युटर आणला, एकेका अशिलाला फोन करून आयकराच्या संकेतस्थळावरून माहिती पुन्हा उतरवली. महिनाभर घरात ताटं वेळेवर मांडली गेली नाहीत, पण कामं झाली. दोन अशील मात्र "पोलीस प्रकरण मिटलं की येतो" म्हणाले आणि अजून यायचे आहेत.

ह्यांनी त्या दिवशी एक आग्रह धरला होता. हार्ड डिस्कची हॅश काढून पंचनाम्यात लिहा. हॅश म्हणजे आतल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक क्रमांक. एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. पुढे कुणी आत काही घातलं किंवा पुसलं, तर लगेच कळतं. "ते प्रयोगशाळेत होतं," असं उत्तर मिळालं. प्रयोगशाळेत जाईपर्यंत मधे काय झालं, हे कसं कळणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा जप्त्यांसाठी स्पष्ट नियमावली हवी, असं केंद्र सरकारला सुनावलं होतं. पंचनाम्याची प्रत मात्र आम्ही हट्टाने घेतली. पुढे वकिलांनी पहिली तीच मागितली.

जप्त वस्तू ठाण्यात उगाच पडून राहू नयेत, पंधरा दिवस ते महिनाभरात निकालात काढाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलं आहे. आम्हाला सामान मिळालं साडेचार महिन्यांनी, कोर्टात अर्ज करून, सुपूर्दनाम्यावर. म्हणजे वस्तू आपली, पण विकायची नाही, मोडीत काढायची नाही, बोलावलं की हजर करायची. तो मुलगा सापडलेला नाही, म्हणून आमचा जुना कॅबिनेट कपाटावर चादर पांघरून बसला आहे.

पण खरा घोर लेकीला लागला. ती समाजशास्त्रात एम.ए. करते. घरकाम करणाऱ्या ४२ बायकांच्या मुलाखती तिच्या लॅपटॉपमध्ये होत्या. नवऱ्याची मारहाण, मालकिणीने घेतलेला आळ, लपवून साठवलेले पैसे, सगळं नावानिशी. "तुमचं नाव कुणाला कळणार नाही," असा शब्द तिने प्रत्येकीला दिला होता. गुन्ह्याशी त्यांचा काय संबंध? पण यंत्र नेलं की आतलं सगळंच जातं. हवा तेवढाच कागद काढून घेण्याची सोय तिथे नव्हती.

ऑगस्टमध्ये ती वस्तीत गेली आणि प्रत्येकीला सांगून आली. मी म्हटलं होतं, कशाला जातेस, त्यांना कळणारही नाही. तिने ऐकलं नाही. बऱ्याचजणी हसल्या. "पोलिसांना काय सांगायचं राहिलंय आमचं!" एकीने मात्र आपलं बोलणं परत मागितलं. लेक मान खाली घालून म्हणाली, "मावशी, ते आता माझ्याकडे नाही."