वक्त्याच्या नावाचा एकच रकाना

परिषदेच्या अर्जात वक्त्याच्या नावासाठी एकच रकाना होता आणि आम्ही होतो दोघी. मधे 'आणि' घालून दोन्ही नावे त्याच रकान्यात लिहिली, तर अर्ज पुढे सरकेना. नावात इतकी अक्षरे चालत नाहीत, असे त्याचे म्हणणे. आमचा विषयच मुळी 'नावे आणि संगणक' असल्यामुळे आम्हाला आधी हसू आले. मग संयोजकांना कळवले. त्यांनी भलेपणाने दुसरे नाव सहवक्ता म्हणून स्वतः नोंदवून घेतले.

आम्ही नणंद-भावजय. एक पुण्यात सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे अडखळतो ते शोधून काढते. दुसरी मिरजेत शाळेत गणित शिकवते. सोयीसाठी इथे एकीला लेक म्हणू, दुसरीला सून; कारण हे सगळे ज्यांच्यामुळे घडले ते एकीचे वडील आणि दुसरीचे सासरे. हाक मारायला मात्र दोघींचेही अब्बाच.

अब्बांच्या नावाची सुरुवात 'महंमद'ने होते. सेवापुस्तकात तसेच लिहिलेले. मृत्यूच्या दाखल्यावर 'मोहम्मद' आले. बँकेच्या पासबुकात इंग्रजीतली नुसती दोन अक्षरे, एम आणि डी. आधार कार्डावर 'मुहम्मद'. ते हयात होते तोवर या चारही नावांनी त्यांचे काही बिघडले नाही. ते गेले आणि अम्मींच्या पेन्शनचा अर्ज दिला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने विचारले, "ही चार माणसं कोण?"

त्याचाही फारसा दोष नव्हता. त्याच्या समोरचा संगणक 'जुळत नाही' म्हणत होता आणि पुढचे पान उघडत नव्हते. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र केले. ते एका टेबलाला चालले, दुसऱ्याला चालले नाही. पेन्शन सुरू झाली तेव्हा अकरा महिने होऊन गेले होते. त्या दिवसांत अम्मी एकदा म्हणाल्या, "उभ्या जन्मात त्यांचं नाव मी तोंडानं घेतलं नाही, आणि आता दहा टेबलांवर सांगत फिरते."

या वाक्यावरून आमचे सत्र निघाले.

वेळ पंचवीस मिनिटांची होती. आम्ही साहजिकच अशी वाटणी केली, की घरची हकीकत सून सांगेल आणि संगणकाचे काय ते लेक सांगेल. मिरजेच्या घरी तालीम झाली. ऐकायला लेकीचे थोरले भाऊ, म्हणजे सुनेचे मालक. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "एक रडवते, दुसरी शिकवते. लोक रडवणारीला टाळ्या देतील आणि प्रश्न शिकवणारीला विचारतील." आम्हाला राग आला, कारण ते खरे होते. त्याच रात्री वाटणी उलटी केली. हकीकत लेकीने सांगायची, हिशेब सुनेने.

सून घाबरली. परिषदेत सगळे इंजिनियर, त्यांच्यापुढे शाळेतल्या बाईने काय सांगायचे? पण सहावीच्या वर्गाला अपूर्णांक समजावणारीला साउंडेक्स काय अवघड! कानाला सारखी वाटणारी नावे एकत्र शोधण्याची ही अमेरिकेतली जुनी युक्ती. तिचे पेटंट १९१८ चे, म्हणजे संगणकाच्या आधीचे. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे. पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना आवाजाच्या जातीप्रमाणे आकडे द्यायचे: एम आणि एन यांना ५, डी आणि टी यांना ३, आर ला ६. तीन आकडे झाले की थांबायचे, कमी पडले तर शून्ये लावायची. सुनेने वर्गात करते तशी पुठ्ठ्याची कार्डे केली. इंग्रजी स्पेलिंग कसेही करा, मोहम्मद, मुहम्मद, महंमद, तिघांनाही एकच संकेत मिळतो, एम ५३०. शेखची सगळी स्पेलिंगे एस २०० मध्ये जाऊन बसतात. मात्र बँकेतले 'एमडी' मिळते एम ३०० ला. पहिले अक्षर बदलत नसल्यामुळे झेडचा झाकीर आणि जेचा जाकीर तर एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

परिषद एका महाविद्यालयाच्या सभागृहात होती. आमच्या सत्राला साठेक माणसे असतील. माइक एकच. लेकीने हकीकत सुरू केली आणि अम्मींच्या त्या वाक्यापाशी तिचा आवाज अडकला. घरी पाच वेळा तालीम झाली तेव्हा काही झाले नव्हते. सुनेने तिच्या हातातून माइक घेतला, ते वाक्य पुरे केले आणि तसेच पहिले कार्ड वर धरले. आमची वाटणी तिथेच मोडली. पुढची वीस मिनिटे कोण काय बोलले हे आता नीट सांगता येणार नाही.

कार्डांच्या शेवटी सुनेने राखून ठेवलेले एक नाव काढले: महंत. त्याचाही संकेत एम ५३०! सभागृह हसले. पण आमचा मुद्दा तोच होता. मोहम्मद आणि महंत एकच, असे यंत्राला ठरवू दिले तर तेही संकट आहे. नाव सारखे म्हणून भलत्याच शेखच्या दारात भलत्याच शेखच्या कर्जाची नोटीस येऊ शकते. म्हणून यंत्राने निकाल देऊ नये. 'जुळत नाही' असे म्हणून दार लावण्याऐवजी 'कदाचित हीच व्यक्ती असेल, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव पाहा' एवढे सांगून माणसाला पुढे जाऊ द्यावे.

मग लेकीचे प्रात्यक्षिक. नुक्ता दिलेला 'ज़' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तर अख्खे एक चिन्ह म्हणून, नाही तर 'ज' आणि त्याखालचा ठिपका अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. पण आधी दोन्हींना एका रूपात आणले नाही, तर संगणकाच्या लेखी ती वेगळी. लेकीने एकच नाव दोन्ही तऱ्हांनी पडद्यावर दाखवले, फरक ओळखा म्हणाली, कोणाला ओळखता आला नाही. तिने ऐटीत बटण दाबले. पडद्यावर उमटले: 'जुळले'.

फाइल संयोजकांच्या लॅपटॉपवर चढवताना वाटेत कुठल्यातरी प्रोग्रामने दोन्ही रूपे आपोआप एक करून टाकली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधणारीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सून म्हणाली, "बघा, हा प्रोग्राम शहाणा निघाला. खिडकीतल्या संगणकाकडून आम्हाला एवढंच हवं होतं." त्या सत्रातली सगळ्यात मोठी टाळी याला पडली, आणि ती तयारीत नव्हती.

प्रश्नांच्या वेळी एका तरुणाने विचारले, "त्यापेक्षा एकच शुद्ध स्पेलिंग ठरवून सगळ्यांना का लावत नाही?" प्रश्न लेकीला होता, उत्तर सुनेने दिले. श्रीगोंद्याचे संतकवी, 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद यांचे नाव मराठी 'महंमद' असेच लिहीत आली आहे. ते अशुद्ध कसे म्हणायचे? आणि दाखल्यावरचे 'मोहम्मद' तरी कुठे चूक आहे? अब्बांना कोणी कसेही लिहिले तरी ते 'हो' म्हणत. तरुणाचे समाधान झाले नसावे. यादी एकसारखी असली की काम सोपे होते, हे त्याचे म्हणणे खोटे नाहीच. पण आता माणसे जन्मून, नोकऱ्या करून, निवृत्त होऊन बसली आहेत, त्यांचे काय करायचे?

जोहरची नमाज आम्ही संयोजकांच्या एका मोकळ्या खोलीत अदा केली. बाहेर आलो तर एक वयस्क गृहस्थ थांबले होते. वडिलांचे नाव एका कागदावर दत्तात्रय, दुसऱ्यावर दत्तात्रेय. तेवढ्यावरून त्यांचा सातबारा तीन वर्षे अडकला होता. "तुमची कार्डं कुठं मिळतील?" असे त्यांनी विचारले. सुनेने पुठ्ठ्याचा गठ्ठाच त्यांच्या हातात ठेवला.

संध्याकाळी मिरजेच्या गाडीत बसताना सुनेने प्रमाणपत्र उघडले. तिच्या नावात एक अक्षर जास्त होते. दुरुस्त करून मागायचे की नाही, यावर फलाटावरच आमचा वाद झाला आणि शेवटी अम्मींना फोन लावला. त्यांनी आधी विचारले, अब्बांचे नाव सगळ्यांसमोर नीट घेतले ना? मग म्हणाल्या, "प्रमाणपत्र राहू दे तसंच. पण दोन झेरॉक्स काढून ठेव."