चिमणीला शॉक का बसत नाही?

बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर सुटलेल्या कोणालाही विचारा, तो झोपेतही सांगेल : व्होल्टेज भागिले रोध म्हणजे करंट. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरा. २३० व्होल्टला झाले २३० मिलिअँपिअर. माणूस दगावायला याच्या निम्म्याहून कमी पुरतो. पण चौथीच्या पोरांना हे गणित काय कामाचं?

संक्रांतीच्या आधी आम्ही एनएसएसचे चौघे पेठेतल्या एका शाळेत वीजसुरक्षा सांगायला गेलो होतो. तारेला हात लावू नये, खांबावर चढू नये, डीपीजवळ खेळू नये, हे सगळं पोरांना आधीच पाठ होतं. एका सुरात "हो दादा" चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "मग तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक का नाही बसत?"

खरा तास तिथून सुरू झाला. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, म्हणून तिच्या अंगातून करंट जवळजवळ जातच नाही. आपले पाय मात्र जमिनीवर. हात तारेला लागला की तारेतून जमिनीत जायची वाट आपणच होतो. 'वाट' हा शब्द पोरांनी असा काही उचलला की बास! अडकलेला पतंग सळईने ओढला तर? वाट. ओला मांजा? वाट. गणपतीच्या मांडवाचा ओला लोखंडी खांब, त्याला वायर घासत असेल तर? "वाटच की!"

"मग लाकडी काठी चालेल?" एकाने डोकं लढवलं. नाही बाबा. लाकडात ओल असते, आणि पुण्यात २२ हजार व्होल्टच्याही तारा आहेत. तिथे हात लागायचीही गरज नाही, फार जवळ गेलं तरी पुरे. पतंग दहा रुपयांचा, सोडून द्यायचा. डीपीमागे गेलेला बॉलसुद्धा.

मित्राला शॉक बसला तर त्याला शिवायचं नाही. लांबूनच ओरडून मोठ्यांना बोलवायचं. तार तुटलेली किंवा डीपीचं दार उघडं दिसलं, तर घरच्यांना महावितरणच्या १९१२ नंबरवर फोन करायला सांगायचं.

'नको'ची यादी कितीही लांबवली तरी कुठेतरी संपते. कारण कळलेलं पोरगं मात्र यादीत नसलेल्या जागीही थबकतं. आणि कारण सांगणं हे तर आपलंच काम, नाही का?

पुढच्या संक्रांतीला गट पुन्हा जाणार आहे. नावं द्या, केटी असली तरी चालेल. फक्त चिमणीचं उत्तर तयार ठेवा.